खेळातल्या आगगाडीची मोटार

आगगाडीचे छोटे इंजिन हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने पगारवाढीवर बोलावे, बोनसवर बोलावे. मुलांच्या खेळण्यावर त्याने काय बोलायचे? परंतु खेळणे हीही एक उत्पादित वस्तूच आहे. कारखान्यात बसून कोणीतरी ते जोडलेले असते आणि बंद पडल्यावर कोणालातरी ते उघडावे लागते. हे जोडणारे हात आणि उघडणारे हात यांचे नाते गेल्या सव्वाशे वर्षांत कसे पालटत गेले, ते मला आपल्यापुढे मांडायचे आहे. त्यासाठी या वीतभर इंजिनासारखे सोयीचे उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

कोसबाडला या विषयाची पहिली पायरी आधीच घातली गेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीहून इथल्या टेकडीवर आपले बालशिक्षणाचे काम आणले, तेव्हा माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, माती, बांबू यांतून साधने तयार झाली. त्यांचा स्वस्तपणा सर्वांना दिसला. दुसरा गुण तितकासा बोलला गेला नाही. तो असा, की ती मोडली तर बाईंना आणि पोरांना पुन्हा जोडता येत. आत काय आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याची वस्तू लवकर मरत नाही.

आता इंजिनाकडे वळू. जर्मनीतल्या गोपिंगेन गावच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीची आगगाडी मांडली. रुळांची ठरावीक मापे आणि पुढे वाढवीत नेता येतील असे डबे-रूळ हे तिचे वैशिष्ट्य. इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. चावीची गाडी म्हणजे घड्याळाचीच भावंड: आत पोलादी स्प्रिंग आणि दातेरी चक्रे. घड्याळजीला ती सहज दुरुस्त करता येई. पुढे त्याच कंपनीने १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ ही मालिका काढली. रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर, वीज बारा व्होल्टची, आणि विजेच्या इंजिनाच्या पोटात इवलीशी मोटार.

ही मोटार समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. घोलवड-डहाणूच्या चिकूवाड्यांत पंपाची मोटार जळली, की ती वायंडिंगवाल्याकडे जाते. तो जळलेली तार उपसून काढतो, वेढे मोजतो, तितक्याच वेढ्यांची नवी तार भरतो. खेळातल्या मोटारीतही तांब्याच्या तारेचे वेढेच असतात. ते फिरत्या भागावर गुंडाळलेले असतात. त्या भागाला आर्मेचर म्हणतात. बाजूला कायमचा चुंबक असतो. आर्मेचरच्या टोकाला कम्युटेटर नावाचे तांब्याचे खंडित कडे असते आणि त्यावर कार्बनचे दोन ब्रश स्प्रिंगने टेकलेले असतात. ब्रशातून वीज आत शिरते, कडे फिरता फिरता तिची दिशा बदलत राहते, आणि आर्मेचर फिरतच राहते. त्याच्या आसावरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, चाकांना गती देतो.

यातला प्रत्येक भाग आपापल्या वेगाने म्हातारा होतो. ब्रश झिजतात, कम्युटेटरच्या फटींत कार्बनची पूड साचते, स्प्रिंग मऊ पडते, वेढ्यांवरचे रोगण जळते. चुंबकही थकतो. त्या काळचे चुंबक अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट घातलेल्या मिश्रधातूचे असत. अशा चुंबकाची एक खोड आहे: लोखंडी चौकटीतून त्याला बाहेर काढून तसाच ठेवला, की त्याचे बळ घटते. म्हणून जाणता कारागीर मोटार साफ करताना चुंबकाला हात लावीत नाही. लावलाच, तर त्याच्या दोन्ही टोकांवर लोखंडाची पट्टी टेकवून ठेवतो, किंवा मागाहून तो पुन्हा भारून घेतो.

इंजिनात मोटार बसवण्याच्या रीतीचे तीन कालखंड पडतात. सुरुवातीच्या डब्लो इंजिनांत मोटार वेगळी नव्हतीच. इंजिनाचा ओतीव सांगाडा हाच मोटारीचा सांगाडा. आर्मेचर बदलता येई, चुंबक बदलता येई, पण सबंध मोटार उचलून दुसरी ठेवणे शक्य नव्हते. दुसरा कालखंड १९५० नंतरचा. ट्रायँग या प्रतिस्पर्धी कंपनीने ‘एक्सओ४’ नावाची मोटार आणली. ही उघड्या चौकटीची आणि स्वतंत्र होती. स्क्रू सोडवला की हातात येई. ब्रश डोळ्यांना दिसत, तेल कुठे घालायचे ते कळे. बारा वर्षांचे पोर ती स्वयंपाकघरातल्या मेजावर दुरुस्त करू शके. अशा लाखो मोटारी निघाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ आजही फिरतात.

तिसरा कालखंड जपानने आणला. केनिची माबुची यांनी १९४७ मध्ये खेळण्यांसाठी नालाच्या आकाराच्या चुंबकाची छोटी मोटार तयार केली आणि १९५४ मध्ये कंपनी उभारली. यातून पुढे डबाबंद मोटारींचे युग आले. पत्र्याचा डबा, तोंड दुमडून बंद केलेले, आत सर्व काही. ती स्वस्त, कमी वीज खाणारी, शांत. आज तसल्याच मोटारी मोटारगाडीच्या आरशात आणि दाराच्या कुलपात बसलेल्या आहेत. दोष एकच: ती उघडायची सोय नाही. ब्रश झिजला की सबंध मोटार टाकायची.

जुन्या इंजिनाची मोटार बदलणे हा उद्योग याच टप्प्यावर सुरू होतो. इंजिनाचे अंग धातूचे, रंग अजून शाबूत, चाके ठीक. फक्त मोटार मेलेली, आणि तशी मोटार आता कोणी बनवीत नाही. मग नवी डबाबंद मोटार जुन्या पोटात बसवायची. यात हुन्नर आहे. नवीचा आस जुन्या वर्मच्या छिद्रात बसला पाहिजे, आणि तिला धरायला पितळेची कंस-पट्टी घडवावी लागते. वर्म आणि चक्र फार घट्ट भिडले तर मोटार कण्हते, सैल राहिले तर दाते खाल्ले जातात. जुन्या मोटारीत एक ब्रश सांगाड्यालाच जोडलेला असे. आता गाड्या अंकीय यंत्रणेवर चालवायच्या तर दोन्ही ब्रश सांगाड्यापासून तोडून घ्यावे लागतात. कोणी जुनीच मोटार ठेवून तिच्यात निओडिमियमचा नवा, चिमुकला पण जबर चुंबक बसवतो. आणि युद्धपूर्व काळातल्या काही इंजिनांपुढे कोणाचेच हात चालत नाहीत. जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ राहिल्याने त्यांचे अंगच भेगाळून भुगा होते.

आता मूळ प्रश्नावर येतो. या मोटारी गुंडाळल्या कोणी? लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनोच्या कारखान्यात कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी होती. १९६४ मध्ये ट्रायँगच्या मालकांनी मेकॅनो विकत घेतली आणि आगगाड्यांचे काम मार्गेट गावी नेले. बिन्स रोडवर बाकीची खेळणी होत राहिली. ३० नोव्हेंबर १९७९ रोजी नव्या मालकांनी तो कारखानाही जवळजवळ पूर्वसूचनेवाचून बंद केला. सुमारे नऊशे माणसांची रोजी गेली. कामगारांनी कारखान्याचा ताबा घेऊन पुढच्या वर्षापर्यंत ठिय्या दिला. कारखाना मात्र उघडला नाही. मार्गेटचे कामही १९९० नंतरच्या दशकात चीनमध्ये गेले. आज जुने डब्लो इंजिन शौकिनांच्या बाजारात मानाने विकले जाते. ते जोडणाऱ्या बाईचे नाव त्यावर कुठेही नाही.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. इंग्लंडातले शौकीन जुन्या इंजिनात बसवायला स्वित्झर्लंडच्या पोर्टेस्कॅप कंपनीची मोटार आणि गिअर यांची जोडणी फार नावाजत. या मोटारीच्या आर्मेचरमध्ये लोखंडी गाभाच नसतो. तारेचे वेटोळेच पेल्यासारखे स्वतःच्या बळावर उभे असते. त्यामुळे ती झटका न देता, अगदी हळू फिरते. त्याच कंपनीचा कारखाना अंधेरीच्या सीप्झमध्ये आहे, आणि तिच्या मोटारी वैद्यकीय उपकरणांत जातात. म्हणजे केसासारखी तार गुंडाळण्याचे कसब आपल्या दोन-अडीच तासांच्या अंतरावर नांदते आहे. ते आपल्या तालुक्यातल्या किती मुलामुलींना माहीत आहे?

मोठ्या रेल्वेला मोटार बदलण्याचे मोल पूर्वीपासून कळलेले आहे. चित्तरंजनच्या कारखान्याने १९८० पासून ‘डब्ल्यूएपी-१’ वर्गाची विजेची इंजिने बांधली. पुढे त्यांतल्या कित्येकांना अधिक ताकदीच्या मोटारी बसवून ‘डब्ल्यूएपी-४’ केले गेले. सांगाडा तोच, काम नवे. हे जमले, कारण कार्यशाळा होती, सुटे भाग होते, आणि ते काम जाणणारे कामगार हजेरीपटावर होते. या तिघांपैकी एक जरी नसते, तरी ती इंजिने भंगारात गेली असती.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. तिथे मुलांना जरूर न्यावे. गाड्या पाहून झाल्या की त्यांना एक प्रश्न विचारायला लावावा: ही बंद पडली तर कोण उघडतो? भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर संकेतस्थळही सुरू केले. हक्क कागदावर आला हे चांगलेच. पण हक्क बजावायला हात लागतात. सुटा भाग मिळाला तरी तो बसवणारा गावात नसेल, तर त्या हक्काचे करायचे काय?

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या भागात पंपाच्या मोटारी भरणारे कारागीर अजून आहेत. त्यांतले बरेचसे उतारवयाचे आहेत आणि त्यांची मुले या धंद्यात येत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा एका कारागिराला शाळेत बोलवावे, दोन दिवसांची मजुरी रीतसर द्यावी, आणि मुलांपुढे बंद पडलेल्या चार-दोन मोटारी ठेवाव्यात. खेळण्यातल्या, पंख्यातल्या, मिक्सरमधल्या. पहिला स्क्रू मुलांनी काढावा. वेढे त्यांनी मोजावेत आणि वहीत मांडावेत. त्या वहीवर कारागिराचे नाव गुरू म्हणून लिहावे.