दोन अक्षरांचे दान

शब्दकोड्यांचा नाद आपल्याकडे आता घरोघरी शिरला आहे. चार घरे, दुसऱ्या घरात अमुक अक्षर, शेवटी तमुक, तर शब्द कोणता? इंग्रजी शब्दांचे असे कोडे १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने छापले आणि तेथून ही करमणूक जगभर पसरली. पण त्याच्या पाऊणशे वर्षे अगोदर याच रीतीने एक कोडे हिंदुस्थानात सुटले होते. ते सुटले नसते तर जुन्नरच्या डोंगरांत कोरलेली माणसे आजही मुकीच राहिली असती.

अशोकाच्या काळातली ब्राह्मी लिपी पुढे बदलत गेली आणि मूळ रूप कोणास ओळखू येईना. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या खटाटोपाने दिल्लीस आणविले. लेख वाचण्यास पंडित बोलाविले, पण कोणालाही अर्थ लागला नाही. एवढ्या मोठ्या सम्राटाची आज्ञा भर उन्हात उभी होती आणि ती वाचणारा कोणी नव्हता!

१८३६ साली लासेन या पंडिताने एका ग्रीक राजाच्या दुभाषी नाण्यावरून काही अक्षरे लावली. कुलूप खऱ्या अर्थाने उघडले ते १८३७ साली. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणारा जेम्स प्रिन्सेप याच्याकडे सांचीच्या स्तूपावरील लेखांचे ठसे आले. कठड्याच्या निरनिराळ्या दगडांवर हे लहान लहान लेख होते, आणि बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. प्रिन्सेपने विचार केला : देवस्थानाच्या सुट्या दगडावर माणूस काय लिहील? आपले नाव, आणि आपण हे दिले एवढेच. मग दोन अक्षरांचा शब्द 'दानं' असला पाहिजे. आणि त्याच्या आधी वारंवार येणारा 'स' म्हणजे आपल्या षष्ठीचा 'चा'. दोन अक्षरांतून द मिळाला, न मिळाला, आकाराची खूण आणि अनुस्वारही मिळाला. पुढे थोड्याच दिवसांत सारी लिपी उलगडली.

यातील मर्म श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे. सम्राटाचे लांबलचक लेख ज्या किल्लीने उघडले ती किल्ली सम्राटाची नव्हती. सांचीला देणारे भिक्षू होते, भिक्षुणी होत्या, व्यापारी होते. विदिशेचे हस्तिदंत कोरणारे कारागीरही होते. अनेक लहान माणसांनी एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहून ठेवला, म्हणून तो ओळखता आला. एकट्याच्या लेखाने हे घडले नसते. आम्ही आयुष्यभर संघटनेचे काम केले. एकीच्या बळाचा याहून जुना दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आता जुन्नरकडे वळू. येथल्या लेण्यांत शेवटी बहुधा 'देयधम' हा चार अक्षरांचा शब्द येतो, अर्थ दानधर्मच. पण येथले कोडे वर्तमानपत्रातल्यापेक्षा अवघड आहे, कारण घरे आखलेली नाहीत. अक्षरे सलग चालतात. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचे. जोडाक्षराचे द्वित्त लिहीत नाहीत : 'धम्म'चे 'धम' होते. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाचे नाव 'सुलसदत' असे आहे. त्याला आपण सुलसदत्त म्हणतो. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दिली. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. आणि धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या 'सेनी'ने सात खोल्यांचे लेणे व एक पोढी दिली.

'सेनी' म्हणजे श्रेणी. 'वसकार' म्हणजे वंशकार, आपला बुरूड. 'कासाकार' म्हणजे कांस्यकार, आपला कासार. यांच्याही श्रेणी जुन्नरच्या लेखांत आहेत, आणि धर्मादायाचे उत्पन्न त्यांच्याकडे सोपविलेले आहे. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिल्याचे कोरले आहे. राजाचा जावई पैसा ठेवतो तो विणकरांपाशी! श्रेणी म्हणजे आजची युनियन नव्हे. तीत मालक कोण व राबणारा कोण हे लेख सांगत नाहीत. तरी हाताने काम करणाऱ्यांची पत दगडावर नोंदली जात होती, एवढे निश्चित.

हे लेख वाचण्यात भगवानलाल इंद्रजी या स्वदेशी पंडिताचे श्रम मोठे. नाणेघाटातल्या सातवाहन राणीच्या लेखातील अंक त्यांनी लावले. तेथे २४,४०० कार्षापणांपर्यंतचे आकडे आहेत. १८८१ साली बर्जेस यांच्यासह त्यांनी पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. त्या विद्येचा एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो : झिजलेले अक्षर कंसात घालावे, आणि लागत नसेल तर जागा मोकळी सोडावी. चार घरांत बसणारे शब्द अनेक असतात. आपल्या सोयीचा तो खरा, असे नाही. आज जो तो इतिहासाच्या फटीत आपल्या जातीचे, आपल्या पक्षाचे अक्षर कोंबू पाहतो. त्याला हा नियम कोणी तरी शिकवावा.

अक्षर नाहीसे व्हायला दोन हजार वर्षे लागतातच असे नाही. मूळचे आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याच्या पाटीवर चार अक्षरे उरली. इकडे लेण्यांत येणारी तरुण मंडळी खिळ्याने भिंतीवर आपली नावे खरडतात. नाव उरावे ही इच्छा वाईट नाही. हजेरीपटावर अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही करणाऱ्या मजुराचा चेहरा आम्ही पाहिला आहे. पण आपले नाव लिहिताना दुसऱ्याचे पुसू नये. जुन्नर आणि आंबेगावच्या शाळांनी मुलांना ब्राह्मीची मुळाक्षरे शिकवावीत. त्याला एक पावसाळा पुरे. मग त्यांना डोंगरावर न्यावे आणि 'पोढी' हा दोन अक्षरांचा शब्द त्यांचा त्यांना शोधू द्यावा. ज्याने तो स्वतः वाचला, तो त्या भिंतीला खिळा लावणार नाही.