अंगणातली कोंबडी आणि शेजारची टर्की



अंगणात कोंबडी उकिरडा उकरते आहे, दाणे टिपते आहे, अंडी देते आहे. तिच्या पोटात शेजारच्या पक्ष्याचं मरण असेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का? पण तसं असू शकतं. शास्त्रज्ञांना हे कळायला पाव शतक लागलं. त्याचीच ही हकीकत.

अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड हे छोटं राज्य टर्कीसाठी नावाजलेलं होतं. टर्की हा कोंबडी आणि मोर यांच्याच कुळातला, पण अंगानं थोराड पक्षी. १८९० नंतरच्या वर्षांत तिथली टर्की साथीनं मरू लागली. पिल्लं पंख पाडून उभी राहत, गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकत आणि मान टाकत. लोक या रोगाला ‘काळं डोकं’ म्हणू लागले. खरं म्हणजे डोकं काळं पडतंच असं नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

१८९५ साली थिओबाल्ड स्मिथ यांनी या रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोचिडीमुळे गुरांचा ताप पसरतो, हे १८९३ मध्ये किलबोर्न यांच्या जोडीनं दाखवून देणारे स्मिथ ते हेच. टर्कीच्या यकृतावर त्यांना गोल, खोलगट चट्टे दिसले. यकृतात आणि आंधळ्या आतड्यात एकपेशीय परजीवी सापडला. कारण कळलं. पण वाट कळेना. हा नाजूक जीव उघड्यावर फार वेळ तगत नाही. मग ज्या जमिनीवर आजारी टर्की नाही, तिथंही पिल्लं का मरावीत?

उत्तर मिळालं १९२० साली. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात हेटेराकिस नावाचा बारीक, पांढरा जंत असतो. ग्रेबिल आणि स्मिथ यांनी त्याची अंडी टर्कीला चारली आणि रोग उभा राहिला! त्याच वर्षी अर्नेस्ट टायझर यांनी त्या परजीवीला ‘हिस्टोमोनास’ हे नाव दिलं. तो जंताच्या अंड्यात दडून बसतो. अंडं मातीत वर्षानुवर्षं टिकतं. गांडूळ ती माती खातं आणि पक्षी ते गांडूळ खातो. कोंबडी मात्र बहुधा धडधाकटच राहते.

हाच धोका प्राणिसंग्रहालयातल्या मोरांना आणि तितरांना असतो. रानातला पक्षी चरायला जागा बदलतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला तीच माती पुन्हापुन्हा टोचावी लागते. त्या मातीवर पूर्वी कोंबड्या वावरल्या असतील, तर विचारायलाच नको.

औषधं निघाली नाहीत असं नाही. पण त्यांतली बरीचशी माणसाच्या आरोग्याच्या काळजीनं बंद झाली. अमेरिकेत सोमलयुक्त नायटारसोनची परवानगी २०१५ च्या अखेरीस काढून घेतली गेली. तेव्हा जुनाच उपाय खरा: टर्की आणि कोंबड्या वेगळ्या ठेवा, कोंबड्यांना वेळच्या वेळी जंताचं औषध द्या, जागा कोरडी आणि स्वच्छ राखा.

शिक्षकांनी मुलांना १८९५ आणि १९२० ही दोन्ही सालं जरूर सांगावीत. रोगाचं कारण सापडणं वेगळं आणि त्याची वाट सापडणं वेगळं. आणि कुणी हौसेनं टर्कीची पिल्लं आणणार असेल, तर आधी एवढंच विचारा: “बाबा रे, या जागेवर पूर्वी कोंबड्या होत्या का?”