पाण्याचं कम्प्युटर सिम्युलेशन: कोणतं मॉडेल किती खरं?

पाण्याचे रेणू कम्प्युटरमध्ये मांडून ते क्षणाक्षणाला कसे हलतात याचा हिशोब करणं, म्हणजे पाण्याचं सिम्युलेशन. हैदराबादला जन्मलेले अनीसुर रहमान आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टिलिंजर यांनी १९७१ मध्ये असं काम प्रसिद्ध केलं, तेव्हा रेणू होते फक्त २१६. आज तेवढे रेणू मी इथे धारणीत साध्या लॅपटॉपवर, ग्रोमॅक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चालवतो. मोठ्या कामासाठी पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म सुपरकम्प्युटर आहे. पण मशीन कितीही मोठं असो, मॉडेल चुकीचं निवडलं तर उत्तरही चुकतं.

मॉडेल म्हणजे काय?

रेणूचा आकार, विद्युतभाराच्या जागा आणि रेणूंमधली ओढ, यांचे ठरवलेले आकडे म्हणजे मॉडेल. १९८३ च्या टीआयपी३पी मध्ये भार तीन अणूंवरच असतो. टीआयपी४पी/२००५ मध्ये ऑक्सिजनवरचा भार थोडा हायड्रोजनच्या बाजूला, चौथ्या जागी सरकवलेला आहे.

खऱ्या पाण्याशी तुलना

(आधी खरं पाणी, मग टीआयपी३पी, मग टीआयपी४पी/२००५. आकडे साधारण आहेत.)

• २५ अंशांना घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी): ०.९९७ / ०.९८ / ०.९९७
• बर्फ वितळतो (अंश सेल्सिअस): ० / उणे १२७ / उणे २१
• घनता सर्वांत जास्त (अंश सेल्सिअस): ४ / उणे ९१ / ५
• डायइलेक्ट्रिक स्थिरांक: ७८ / ९५ / ५८

म्हणजे घनता जुळली म्हणून सगळं जुळलं असं नाही. कारण या दोन्ही मॉडेलमध्ये भार पक्के असतात. खऱ्या रेणूतला भार शेजारी कोण आहे त्यानुसार बदलतो.

मग निवडायचं कोणतं?

बर्फाचा अभ्यास असेल तर खास त्यासाठी बनवलेलं टीआयपी४पी/आइस घ्या. प्रोटीन किंवा औषधाचं काम असेल तर जरा जपून. प्रोटीनसाठीचे बरेच फोर्सफील्ड टीआयपी३पी धरूनच बसवलेत, त्यामुळे पाणी परस्पर बदलू नका. मात्र या मॉडेलमध्ये रेणू खऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त वेगानं पसरतात. म्हणून औषध प्रोटीनपासून किती वेळात सुटलं, हा आकडा जसाच्या तसा खरा मानू नका.

माझा सल्ला एकच: प्रोजेक्ट सुरू करण्याआधी नुसतं पाणी चालवून बघा. तुम्हाला जो गुणधर्म लागणार आहे, तोच खऱ्या आकड्याशी ताडा आणि मगच पुढे जा.