गुरूचा हात आणि शिष्याची शंका

आपल्याकडे गाण्याचीं जशीं घराणीं आहेत तशीं शस्त्रवैद्यकांतहि आहेत, हें सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. ग्रंथ वाचून कोणी गवई होत नाहीं, तसाच ग्रंथ वाचून कोणी शस्त्रवैद्यहि होत नाहीं. वर्षानुवर्षें गुरूच्या शेजारीं उभें राहून त्याचा हात कसा चालतो आणि कोठें थांबतो हें पाहावें लागतें. मग एके दिवशीं तोच हात नकळत शिष्याच्या मनगटांत उतरतो. ही विद्या अशीच यावयाची. परंतु घराण्यांतून ज्याप्रमाणें चीज उतरते त्याप्रमाणें एखादी चूकहि उतरते, आणि तीहि तितक्याच निष्ठेनें जतन केली जाते. गाण्यांत एवढ्यानें कोणाच्या जिवावर बेतत नाहीं. कर्करोगाच्या चिकित्सेंत मात्र अशा एका वारशाची किंमत असंख्य स्त्रियांनीं आपल्या शरीरानें दिली.

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ सालीं उघडलें आणि त्याला जोडून १८९३ सालीं वैद्यकीय विद्यालय सुरू झालें. तत्पूर्वीं त्या देशांत वैद्यकाचें शिक्षण म्हणजे बव्हंशीं व्याख्यानें ऐकणें असे. ह्या नव्या संस्थेंत विल्यम ऑस्लर ह्यांनीं विद्यार्थ्यांना बांकावरून उठवून रोग्याच्या खाटेपाशीं नेलें, आणि विल्यम स्टुअर्ट हाल्स्टेड ह्यांनीं तेंच कार्य शस्त्रक्रियेच्या दालनांत केलें. तरुणपणीं हाल्स्टेड ह्यांनीं व्हिएन्ना व जर्मनी येथील नामांकित शस्त्रवैद्यांचीं रुग्णालयें पाहिलीं होतीं. त्याच धर्तीवर त्यांनीं निवासी वैद्याची पद्धत घातली. उमेदवारानें रुग्णालयांतच राहावें, रात्रंदिवस रोग्यांच्या सान्निध्यांत असावें, आरंभीं किरकोळ कामें करावींत आणि योग्यता दिसेल तसतशी त्याची जबाबदारी वाढावी, असा तो क्रम होता. मुख्य निवासी वैद्याच्या पदापर्यंत पोहोंचून तेथून बाहेर पडेपर्यंत आठ-आठ वर्षें जात. प्रवेश पुष्कळांस मिळे. शिखर गांठणारे थोडे. हाल्स्टेड ह्यांच्या सबंध कारकीर्दींत असे अवघे सतरा शिष्य तयार झाले. आज आपल्या सरकारी रुग्णालयांत झोपेवांचून राबणाऱ्या तरुण डॉक्टरांस जें ‘निवासी’ हें नांव आहे, त्याची वंशावळ ह्या पद्धतीशीं जाऊन भिडते.

हाल्स्टेड ह्यांचा हात मंद होता. गुंगीचें औषध नव्हतें त्या काळीं शस्त्रवैद्याची थोरवी त्याच्या वेगावर मोजली जाई, आणि ती खोड गुंगीचें औषध आल्यावरहि लवकर सुटली नव्हती. हाल्स्टेड सावकाश काम करीत, रक्ताचा थेंब वायां जाऊं देत नसत, शरीराच्या नाजुक भागांना शक्य तितका कमी धक्का लावीत. त्यांच्या दालनांतील एका परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रवानें सोलवटूं लागले, म्हणून त्यांनीं गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठीं रबरी हातमोजे करवून घेतले. पुढें तिच्याशींच त्यांचा विवाह झाला. हातमोजे जगभर रूढ झाले ते असे. विषयांतर झालें खरें, परंतु ज्या मनुष्याच्या चुकीविषयीं लिहावयाचें त्याचा मोठेपणा आधीं सांगणें हेंच न्यायाचें.

त्या काळीं स्तनाचा कर्करोग झालेली स्त्री डॉक्टरांकडे येई ती बहुधा फार उशिरां. गांठ काढली तरी त्याच जागीं रोग उलटे आणि जखम सडत जाई. हाल्स्टेड ह्यांनीं असा तर्क केला कीं, पाण्यावरील तरंगाप्रमाणें हा रोग मध्यापासून बाहेर क्रमाक्रमानें पसरतो. तेव्हां त्याच्या पुढें जाऊन कापलें पाहिजे. म्हणून ते संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेंतील ग्रंथी हें सर्व एकसंध काढूं लागले. ह्या शस्त्रक्रियेला इंग्रजींत ‘रॅडिकल’ म्हणत. आपल्या राजकारणांतील ‘जहाल’ हा अर्थ येथें अभिप्रेत नव्हे. त्या शब्दाच्या पोटांत लॅटिन भाषेंतील ‘मूळ’ आहे, आणि रोग मुळासकट उपटावा हीच त्यांतील भावना. १८९४ सालीं त्यांनीं ५० स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं केवळ तिघींना जागच्या जागीं रोग उलटला होता. वैद्यक जगत् थक्क झालें. मागें राहिलेली खोल गेलेली छाती, सुजलेला दंड, आखडलेला खांदा, हा सर्व जीव वांचल्याचा मोबदला मानला गेला.

पण जीव खरोखर वांचत होता काय? जखम स्वच्छ राहणें आणि मनुष्य जगणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९०७ सालीं हाल्स्टेड ह्यांनीं स्वतःच प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांवरून असें दिसत होतें कीं, ज्यांच्या काखेंत रोग पोहोंचला नव्हता त्यांतील पुष्कळजणी जगल्या, आणि ज्यांचा रोग गळ्यापर्यंत गेला होता त्या, कितीहि रुंद कापलें तरी, बहुतेक दगावल्या. ह्यावरून कापण्याच्या रुंदीवर फारसें अवलंबून नसावें, अशी शंका घेतां आली असती. शिष्यांनीं उलटें अनुमान काढलें: अजून पुरेसें कापलें गेलेलें नाहीं. पुढें कांहींनीं बरगड्या कापून छातीच्या आंतल्या ग्रंथीहि काढावयास आरंभ केला.

त्या सतरा शिष्यांतील अकरांनीं ठिकठिकाणीं आपापले शिक्षणक्रम उभारले. तेथील विद्यार्थी पुढें शिक्षक झाले. जो क्रम एवढे उत्तम हात घडवीत होता त्याच क्रमांत शंकेखोराला जागा नव्हती. कारण गुरूप्रमाणें करून दाखविल्याखेरीज वरची पायरी मिळत नसे. लंडनमध्यें जेफ्री कीन्स हे १९२० नंतरच्या दशकांत लहान शस्त्रक्रिया आणि रेडियम ह्यांवर भागवूं लागले. त्यांचा उपहास झाला. क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल (धाकटे) ह्यांनीं १९५५ च्या सुमारास ही शस्त्रक्रिया सोडली, तेव्हां त्यांनाहि स्वकीयांचाच रोष पत्करावा लागला.

हा वाद मतानें मिटणार नव्हता. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर हेहि ह्याच परंपरेंत शिकलेले; परंतु प्रयोगशाळेंत त्यांना असें आढळलें कीं, कर्करोगाच्या पेशी फार लौकर रक्तांत उतरतात, त्या तरंगाची वाट पाहत बसत नाहींत. १९७१ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं चिठ्ठ्या टाकून रुग्णांची वांटणी करण्याचा प्रयोग सुरू झाला: कांहींवर जुनी समूळ शस्त्रक्रिया, कांहींवर केवळ स्तन काढण्याची, कांहींना त्याजबरोबर किरणोपचार. रोगी मिळविणें कठीण गेलें, तें मुख्यतः शस्त्रवैद्यांमुळें. समोर बसलेल्या भयभीत स्त्रीला ‘ह्यांतील कोणता उपाय अधिक चांगला हें मला ठाऊक नाहीं’ असें सांगावें लागे, आणि हें एक वाक्य उच्चारण्याचें शिक्षण त्यांना कोणीं दिलेलेंच नव्हतें. सुरी धरण्यापेक्षांहि तें अवघड असावें. अखेर अमेरिका आणि कॅनडा येथील ३४ संस्थांतून १,६६५ स्त्रिया सामील झाल्या. पंचवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. आयुर्मानांत कांहींएक फरक आढळला नाहीं. दरम्यान मिलान येथें उंबेर्तो व्हेरोनेसी ह्यांनीं ७०१ स्त्रियांवरील प्रयोगानें, लहान रोग असल्यास स्तन राखूनहि भागतें, हें १९८१ सालींच दाखविलें होतें.

ह्या कथेचा एक धागा मुंबईंतहि येतो. दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, आणि टाटांच्या विश्वस्तनिधींतून परळ येथें उभारलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. देशभरांतून तरुण डॉक्टर तेथें शिकावयास येतात. २०१५ सालीं ह्याच वास्तूंतून दोन प्रयोगांचे निष्कर्ष बाहेर आले. पहिला राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी ह्यांचा: स्तनाचा कर्करोग आधींच इतर अवयवांत पसरला असेल, तर मूळ गांठ काढून आयुष्य वाढतें काय? ३५० स्त्रियांवरून उत्तर आलें, वाढत नाहीं. दुसरा अनिल डिक्रूझ आणि त्यांचे सहकारी ह्यांचा, आणि तो तंबाखू चघळणाऱ्या आपल्या देशाच्या विशेष जिव्हाळ्याचा. तोंडांत लहानसा कर्करोग आहे, मानेंत गांठ लागत नाहीं. तरीहि मानेंतील ग्रंथी त्याच वेळीं काढाव्यात, कीं रोग दिसेपर्यंत थांबावें? शस्त्रवैद्यांत ह्यावर दोन तट होते आणि ज्याला त्याला आपल्या गुरूचा आधार होता. पहिल्या ५०० रुग्णांचे आंकडे मोजले तेव्हां तीन वर्षांनंतर, ग्रंथी आधींच काढलेल्यांपैकीं ८० टक्के हयात होते आणि थांबलेल्यांपैकीं ६७.५ टक्के. ह्या खेपेस कौल सुरीच्या बाजूनें पडला होता.