ओवी, हळद आणि श्रद्धेचा प्रामाणिकपणा

लग्नसराई जवळ आली, की धर्मगुरूंच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "फादर, हळद लावली तर चालेल ना?" विचारणारी बहुधा एखादी आजी असते आणि तिच्या स्वरात संकोच असतो. आपल्या आईने, आजीने जे केले, ते करताना आपल्या हातून पाप तर घडत नाही ना, ही तिची शंका. या शंकेच्या मुळाशी जुना इतिहास आहे. तो डोळसपणे पाहिला, तर ख्रिस्ती श्रद्धा प्रामाणिकपणे जगणे म्हणजे काय, या प्रश्नावरही थोडा प्रकाश पडेल असे आम्हांला वाटते.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशन अर्थात धर्मन्यायसभा स्थापन झाली. मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत ती अस्तित्वात होती. या सभेने १७३६ च्या एप्रिल महिन्यात एक फर्मान काढले. मराठीचे थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली इन्क्विझिशनवरील आपल्या इंग्रजी ग्रंथातून ते अभ्यासकांसमोर आणले. त्यातील निषिद्ध गोष्टींची यादी वाचताना आपण आपल्याच घरातल्या लग्नात वावरत आहोत असा भास होतो. लग्नात देशी वाद्ये वाजवू नयेत, विडा-सुपारी वाटू नये, फुले व पुऱ्या पाठवू नयेत, वधूवरांना हळद, खोबरेल, दूध लावू नये, ओव्या गाऊ नयेत. एवढ्यावर हे थांबले नाही. अंगणात तुळस नको, पुरुषांना धोतर नको, स्त्रियांना चोळी नको. इतकेच काय, बिनमिठाचा भात शिजवण्यावरही बंदी आली! घरच्या चुलीवर काय शिजते, यावरून श्रद्धेची पारख होऊ लागली.

ओव्या गाऊ नयेत, हे कलम आम्हांला विशेष बोचते. कारण याच भूमीत एकशेवीस वर्षांपूर्वी, १६१६ साली, एका येशूसंघीय धर्मगुरूचा ओवीबद्ध ग्रंथ रायतूरला छापला गेला होता. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले आणि सासष्टीच्या गावांत आयुष्य वेचून १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथ रोमी लिपीत छापलेला असला, तरी भाषा मराठी आणि घाट पुराणाचा. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायला फादर कचरले नाहीत. ग्रंथारंभी त्यांनी जो प्रसंग रचला आहे, तो मननीय आहे. एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रींना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न फादर स्टीफन्स यांनी मनावर घेतला आणि लोकांना त्यांच्याच छंदात उत्तर दिले.

मात्र इतिहासाशी प्रामाणिक राहायचे, तर चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. फादर स्टीफन्स यांच्या सासष्टीत १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने मंदिरे पाडली होती. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच येशूसंघीयांची हत्या झाली आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले. 'ख्रिस्तपुराणा'ची गोडी आपण चाखतो, तेव्हा त्या गृहस्थाची जुनी पुराणे कोणाच्या बळावर वर्ज्य झाली, हेही विसरता कामा नये. ज्या राजसत्तेच्या आश्रयाने पहिली ओवी छापली गेली, त्याच सत्तेने पुढे ओवीचा गळा धरला. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज भाषा आत्मसात करावी असे बजावले. १७३६ चे फर्मान याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

वस्तुतः ख्रिस्तसभेची मूळ शिकवण अशी नव्हती. परराष्ट्रीयांनी ख्रिस्ती होण्यासाठी आधी सुंता करून घ्यावी का, हा वाद यरुशलेमच्या सभेपुढे आला, तेव्हा प्रेषितांनी ते जू त्यांच्या मानेवर ठेवले नाही. पुढे १६५९ साली रोमच्या श्रद्धाप्रसार मंडळाने पूर्वेकडील देशांत निघालेल्या धर्माधिकाऱ्यांना बजावले होते, की लोकांचे रीतिरिवाज धर्माच्या व नीतीच्या उघड विरोधात नसतील, तर ते बदलायला लावू नका. युरोप उचलून तिकडे नेऊ नका. पण पोर्तुगीज राजाच्या छत्राखालील आपल्या मुलखात हा सूर उमटला नाही.

लोकांनी काय केले? त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि गाणेही सोडले नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत आजही लग्नाआधी नारळाच्या रसाने वधूवरांना माखतात आणि बायका गाणी म्हणतात. आमच्या वसईतही तेच घडले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीजांची सत्ता गेली आणि युरोपीय धर्मगुरूही गेले. त्यांची जागा गोव्याच्या देशी धर्मगुरूंनी घेतली. तरीही येथील माणसे ख्रिस्ती राहिली. लुगडे नेसणाऱ्या, सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्या आयांनी मुलांना क्रुसाची खूण शिकवली. परक्या सत्तेचे छत्र गेल्यावरही जी टिकली, ती श्रद्धा खरी.

आता या इतिहासातील सर्वांत अवघड भागाकडे वळू या. तुळशीच्या रोपावर ज्यांची एवढी करडी नजर होती, त्यांना शेजारची जात दिसली नाही काय? दिसली, परंतु तिच्याशी जुळवून घेण्यात आले. गोव्याच्या चर्चमध्ये बामण, चाडो, सुदीर हे भेद बाप्तिस्म्यानंतरही राहिले आणि कोन्फ्रारिया, म्हणजे सणाचा मान मिरवणारे भक्तसंघ, जातवार वाटले गेले. जे निरुपद्रवी होते ते पाप ठरले आणि जे शुभवर्तमानाच्या मुळावर येणारे होते ते वेदीपर्यंत पोहोचले. प्याला बाहेरून घासणाऱ्या परुश्यांना प्रभू येशूने ज्याबद्दल खडसावले, तेच आपल्या हातून घडले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) पुष्कळ बदलले. मिस्सा लोकभाषेत आली. १९६९ साली रोमने भारतीय उपासनेसाठी बारा गोष्टींना मान्यता दिली. आरती, अंजलिमुद्रा, पंचांग प्रणाम त्यांतल्याच. दुसऱ्या दुखण्याची कबुली द्यायला मात्र फार वेळ लागला. भारतीय महागुरूंच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले ते डिसेंबर २०१६ मध्ये. धोरण कागदावर आले. घराच्या उंबऱ्याच्या आत ते किती शिरले, हे ज्याचे त्याने तपासावे.

हे आम्ही इतरांकडे बोट दाखवून लिहीत नाही. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो, तेव्हाची गोष्ट. हळदीविषयी विचारणाऱ्या एका आजींना आम्ही तावातावाने उत्तर दिले, की हे सारे अंधश्रद्धेचे अवशेष आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "फादर, हळद अंगावरची, ती धुतली की जाते. पण पोरगी दुसऱ्या जातीची म्हणून आमच्या घरात सोयरीक मोडली, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत." आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो मुलगा, ती मुलगी आणि दोन्ही घरची वडीलधारी मंडळी त्या रविवारी एकाच वेदीपाशी येऊन आमच्याच हातून ख्रिस्तप्रसाद घेऊन गेली होती.

आता कुणी आजी हळदीविषयी विचारू लागल्या, की आम्ही सांगतो, "खुशाल लावा, ओव्याही म्हणा." आणि मग एक प्रश्न आम्ही विचारतो : मांडवात वेगळ्या जातीची सून येणार असती, तर ही हळद तुम्ही इतक्याच आनंदाने वाटली असती का? काही जण हसतात, काही गप्प होतात. १७३६ साली हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. तो विचारण्याचे काम आता आपले आहे.