क्यूदो

क्यूदो : जपानमधील पारंपरिक धनुर्विद्या. रणांगणावर वाढलेली ही विद्या आज शरीर व मनाची साधना म्हणून जोपासली जाते.

साधने : ‘यूमी’ हे धनुष्य बांबू व लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून बनवतात, काचतंतूंची धनुष्येही आता रूढ आहेत. त्याची प्रमाण लांबी सु. २२१ सेंमी. असून मूठ मध्यावर नसते, ती खालच्या टोकापासून सु. एक तृतीयांश अंतरावर असते. उजव्या हातात हरणाच्या कातड्याचा मोजा घालतात. त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत प्रत्यंचा अडकवून ती कानामागे खेचतात. बाण सुटताच धनुष्य डाव्या मुठीत गर्रकन फिरते व प्रत्यंचा हाताच्या बाहेरच्या अंगाला येऊन थांबते.

पद्धती : नेहमीच्या प्रकारात लक्ष्य २८ मी. अंतरावर असून त्याचा व्यास ३६ सेंमी. असतो. नेम साधण्याची क्रिया आठ टप्प्यांत बसवलेली आहे. पाय रोवण्यापासून ती सुरू होते. सातव्या टप्प्यात बाण सुटतो. आठव्यात, ‘झान्शिन’मध्ये, धनुर्धर पवित्रा न मोडता लक्ष्यावर नजर ठेवून उभा राहतो.

इतिहास : १५४३ मध्ये पोर्तुगिजांमार्फत बंदुका आल्यावर युद्धातील धनुष्याचे महत्त्व ओसरत गेले, विद्या मात्र टिकली. क्योतोच्या सान्‌जूसान्‌गेन्‌दो मंदिराच्या सु. १२० मी. लांब ओसरीत अहोरात्र बाण मारण्याच्या स्पर्धा गाजल्या. १६८६ मध्ये वासा दाइहाचिरो याने १३,०५३ बाण सोडले आणि त्यांपैकी ८,१३३ पैलतीरी पोचवले. पुढे होंदा तोशिझाने (१८३६–१९१७) यांनी दरबारी व युद्धातील शैलींचा मेळ घालून विद्यापीठीय विद्यार्थ्यांना ही विद्या शिकवली. दुसऱ्या महायुद्धानंतर व्याप्त जपानमध्ये युद्धकलांवर निर्बंध आले. १९४९ मध्ये अखिल जपान क्यूदो महासंघ स्थापन झाला. आवा केन्झो यांचे जर्मन शिष्य ऑयगेन हेरिगेल यांच्या १९४८ च्या पुस्तकामुळे क्यूदोचे नाव पश्चिमेत झेन पंथाशी जोडले गेले. तथापि तिची मूळ घडण योद्ध्यांच्या घराण्यांतच झाली.

मूल्यमापन : स्पर्धेत बाण लक्ष्याच्या कोणत्याही भागात रुतला, तरी तो सारखाच मोजला जातो. दर्जानिश्चितीच्या परीक्षेत दोन बाण सोडावे लागतात. प्रारंभिक श्रेणींत ते चुकले, तरी पवित्रा व हालचाली योग्य असल्यास उमेदवार उत्तीर्ण होऊ शकतो.