गिनीपिगचं गजकर्ण आणि माणसाचं

पावसाळ्यात अक्कलकुव्यातल्या एखाद्या औषध दुकानापाशी थोडा वेळ उभे राहा. गजकर्णाचं मलम मागायला कोणीतरी येतंच. "मागच्या वर्षी बरं झालं होतं, परत आलंय," ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. ती लक्षात ठेवा, कारण या विषयाचा इतिहास नेमका उलट निरीक्षणापासून सुरू होतो.

१९०८ मध्ये स्वित्झर्लंडमधले त्वचारोगतज्ज्ञ ब्रुनो ब्लॉख यांनी गिनीपिगच्या त्वचेला बुरशीची लागण करून पाहिली. काही आठवड्यांत ती आपोआप बरी झाली. त्याच प्राण्याला पुन्हा लागण केली, तर ती होईना, किंवा झाली तरी लवकर आटोपायची. अंगाच्या दुसऱ्या भागावरही तसंच. म्हणजे बुरशी त्वचेच्या वरच्या मृत थरातच राहते, पण तिची खबर आत पोचते.

ही खबर लक्षात ठेवतं कोण? १९८४ मध्ये काल्डेरॉन आणि रॉडरिक हे या संशोधकांनी लागण झालेल्या उंदरांच्या लसिका ग्रंथींतल्या पेशी दुसऱ्या उंदरांना दिल्या. संरक्षण मिळालं. नुसतं सीरम दिलं, तेव्हा मिळालं नाही. म्हणजे इथली मुख्य राखण पेशींची, प्रतिपिंडांची नव्हे.

मग अक्कलकुव्यातल्या माणसाला परत का होतं? ब्लॉख यांच्या प्रयोगातली बुरशी प्राण्यांवर वाढणारी होती. अशी बुरशी जोरदार दाह करते आणि त्या दाहातच शरीर तिला हाकलतं. ट्रायकोफायटॉन रुब्रम मात्र माणसाला सरावलेली. ती दाह कमी करते, म्हणून वर्षानुवर्षं टिकते. आणि गिनीपिगवर ती धड रुजतही नाही. त्यात आपण स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावतो. खाज थांबते, पण बुरशीला हाकलणारी प्रतिक्रियाही दबते.

याचा परिणाम बघा. सोव्हिएत संघात गुरांसाठी गजकर्णाची लस तयार झाली आणि ती उपयोगी ठरली. माणसासाठी अशी लस अजून रूढ नाही.

म्हणून संशोधनाचा आराखडा लिहिताना 'प्राणी: उंदीर' एवढ्यावर थांबू नका. बुरशीची जात कोणती, ती त्या प्राण्याला एरवी होते का, लागण आपोआप बरी होते की रेंगाळते, हे तिथेच लिहा. प्राणी-नैतिकता समितीही हेच विचारेल. आणि विचारायलाच हवं, कारण चुकीच्या प्रश्नासाठी एकाही जनावराला त्रास देण्याचा हक्क आपल्याला नाही.